जिम कॉर्बेट यांची रायफल आणि चांदीची पट्टी

जिम कॉर्बेट हे नाव मुलांना राष्ट्रीय उद्यानामुळे माहीत असते. आज त्यांची ओळख त्यांच्या रायफलवरून करून घेऊ या.

कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. वडील तिथले पोस्टमास्तर. ते लवकर वारले, घर मोठे, पैसा बेताचा. कालाढुंगीच्या जंगलात हिंडत जिम पक्ष्यांचे आवाज नि प्राण्यांचे ठसे वाचायला शिकले. तरुणपणी रेल्वेत नोकरीला लागले आणि पुढे मोकामा घाटावर मालाची चढउतार करून घेण्याचे काम त्यांनी कितीतरी वर्षे केले.

१९०७ साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीने कुमाऊँ हादरून गेले होते. तिने नेपाळात आणि इकडे मिळून ४३६ माणसे मारल्याचे सांगितले जाते. बायका गवताला, सरपणाला बाहेर पडेनात. कॉर्बेट यांनी जायचे कबूल केले, पण अटी घातल्या : सरकारने जाहीर केलेले बक्षीस रद्द करायचे आणि बाकीचे शिकारी परत बोलवायचे. पैशासाठी शिकार करणारा म्हणून त्यांना ओळखले जायला नको होते. वाघीण मारली गेली. मग संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी त्यांना एक रायफल भेट दिली. लंडनच्या रिग्बी कंपनीची, .२७५ बोअरची, वजनाला हलकी.

आता खरी गंमत. चंपावतची वाघीण याच रायफलीने मारली, असे बरेच जण समजतात. जुन्या वस्तूंचे असेच होते. मोठे नाव चिकटले की गोष्ट वाढत जाते. मग खरे-खोटे कसे ठरवायचे?

पहिला पुरावा रायफलीवरच आहे. तिच्या लाकडी दस्त्यावर चांदीची पट्टी बसवलेली आहे. देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, चंपावत आणि १९०७ हे साल तिच्यावर कोरलेले आहे. नीट वाचले तर कळते की वाघीण मारल्याबद्दल ही भेट मिळाली. म्हणजे शिकार आधी, रायफल नंतर! दुसरा पुरावा कंपनीच्या जुन्या वह्यांचा. प्रत्येक बंदुकीला क्रमांक असतो आणि ती कोणाला विकली याची नोंद असते. ही रायफल कोलकात्याच्या मँटन या बंदूकविक्रेत्यांकडे गेल्याची नोंद तिथे सापडते.

तिसरा पुरावा खुद्द कॉर्बेट यांचा. १९४४ साली आलेल्या पुस्तकात त्यांनी ती शिकार लिहून ठेवली आहे. त्या दिवशी हातात दुसरी, .५०० ची रायफल होती आणि काडतुसे तीनच. ती संपली, तेव्हा त्यांनी धावत जाऊन तहसीलदारांची बंदूक मागून घेतली. तिचा नेमही चुकला आणि गोळी पंजाला लागली. वाघीण आधीच्या जखमांनीच कोसळली होती. हे लपवणे सोपे होते, तरी त्यांनी ते लिहिले.

मग या रायफलीचे मोल कमी झाले का? मुळीच नाही. १९२६ साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्यांनी याच .२७५ ने टिपला. सरकारी आकड्याप्रमाणे त्याचे बळी १२५ होते. केदारनाथ-बद्रीनाथच्या वाटेवरचे यात्रेकरू त्या रात्रीनंतर निर्धास्त झोपले.

पुढे कॉर्बेट वाघ वाचवण्यासाठी बोलू-लिहू लागले. १९४७ साली ते केनियाला गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी तिथेच वारले. रायफल त्यांच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे राहिली. २०१५ साली ती रिग्बी कंपनीकडे परत गेली आणि पुढच्याच वर्षी कुमाऊँच्या गावांत लोकांना पाहायला मिळाली.

मुलांना घरातली एखादी जुनी वस्तू आणायला सांगा. तांब्या असो, घड्याळ असो की आजोबांची पेटी. तिच्यावर काय कोरले आहे? साल जुळते का? कोण सांगतो आणि त्याने स्वतः पाहिले होते का? हे तीन प्रश्न विचारायची सवय लागली की इतिहासाचा तास अर्धा झालाच म्हणा.