विश्लेषण : साथीचे खरे बळी कसे मोजतात? पद्धत देणारे विल्यम फार कोण होते?

करोनाकाळात, २०२० आणि २०२१ मध्ये, जगात सुमारे १.४९ कोटी ‘अतिरिक्त मृत्यू’ झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. करोनाबळी म्हणून नोंद झाली ती जेमतेम ५४ लाखांची. ही तफावत शोधण्याची वाट विल्यम फार यांनी दाखवली.

फार यांचा जन्म १८०७ चा, इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यातल्या गरीब घरातला. शिकले वैद्यक, रमले आकडेवारीत. लंडनच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात त्यांनी सुमारे चार दशके काम केले. १८४७ मध्ये शहरात इन्फ्लुएंझाची साथ आली. नोंदीत इन्फ्लुएंझाचे बळी मोजकेच होते. पण श्वसनाच्या इतर विकारांनी होणारे मृत्यू एकाएकी वाढले होते. फार यांनी नोंदलेल्या कारणावर विसंबणे सोडले. एरवी त्या दिवसांत किती माणसे दगावतात आणि यंदा किती, यातला फरक त्यांनी काढला.

कॉलरा दूषित हवेतून पसरतो, असे ते आधी मानत. १८६६ च्या साथीत पूर्व लंडनच्या आकड्यांनी पाण्याकडे बोट दाखवले, तेव्हा त्यांनी मत बदलले. १८८३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची पद्धत आजही वापरात आहे. मात्र प्रत्येक मृत्यूची नोंद झाली, तरच ती नेमके उत्तर देते.