शरीरसौष्ठवाचे वीडर बंधू

दंडाच्या बेटकुळ्या दाखवणे ही एकेकाळी सर्कशीतली करमणूक मानली जाई. तिला स्पर्धात्मक खेळाची प्रतिष्ठा मिळवून दिली ती कॅनडातील माँट्रियलच्या ज्यो आणि बेन वीडर या बंधूंनी. पोलंडहून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातील ज्यो यांनी १९४० मध्ये व्यायामविषयक नियतकालिक काढले. १९४६ मध्ये दोघांनी आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापला. १९६५ मध्ये ‘मिस्टर ऑलिंपिया’ स्पर्धा सुरू झाली. ऑस्ट्रियाच्या आर्नोल्ड श्वार्झनेगरला १९६८ मध्ये अमेरिकेत आणले ते ज्यो यांनीच. मासिके, व्यायामसाहित्य आणि पूरक आहारातून त्यांनी मोठा उद्योग उभारला. बेन यांनी देशोदेशी संघटना बांधली. मात्र या खेळाला ऑलिम्पिकमध्ये नेण्याचे त्यांचे स्वप्न अपुरेच राहिले. २००८ मध्ये बेन, तर २०१३ मध्ये ज्यो निवर्तले.