पाद्री लाँग आणि निळीचा खटला

एखाद्या पाद्र्याला तुरुंगात टाकलं गेलं, आणि तेही एका नाटकासाठी, हे आज ऐकायला नवल वाटतं. पण १८६१ साली कलकत्त्यात हे घडलं. त्या पाद्र्याचं नाव रेव्हरंड जेम्स लाँग.

लाँग यांचा जन्म १८१४ मध्ये आयर्लंडमध्ये झाला. चर्च मिशनरी सोसायटीचे धर्मोपदेशक म्हणून ते १८४० मध्ये कलकत्त्याला आले. शाळा चालवता चालवता ते बंगाली शिकले, आणि मग त्या भाषेचा त्यांना नादच लागला. बाजारात विकली जाणारी स्वस्त पुस्तकं, पंचांगं, लोकांच्या तोंडच्या म्हणी असं सगळं ते जमवत. १८५५ मध्ये त्यांनी चौदाशे छापील बंगाली पुस्तकांची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध केली. लोकांच्या मनात काय चाललंय ते त्यांच्या भाषेतच कळतं, आणि राज्यकर्त्यांना ते कळलं नाही तर पुन्हा १८५७ सारखं काही होईल, असं त्यांचं मत होतं.

त्याच काळात बंगालच्या खेड्यापाड्यांत निळीचा प्रश्न पेटला. युरोपियन मळेवाले शेतकऱ्याला उचल देत आणि त्याच्या चांगल्या जमिनीत नीळ पेरायला लावत. भाव इतका कमी की उचल कधी फिटतच नसे. आपल्याकडे ऊसतोडीची उचल माहीत असलेल्यांना हे चक्र वेगळं सांगायला नको. नकार देणाऱ्याच्या नशिबी लाठ्या आणि कोंडवाडा. शेवटी १८५९ मध्ये शेतकऱ्यांनी नीळ पेरायचंच नाकारलं. १८६० मध्ये सरकारने चौकशी आयोग नेमला. लाँग यांनीही त्यापुढे साक्ष दिली.

त्याच वर्षी टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या दीनबंधू मित्र यांनी ‘नीलदर्पण’ हे नाटक निनावी छापलं. लाँग यांनी त्याकडे सरकारचं लक्ष वेधलं आणि आपल्या देखरेखीखाली त्याचा इंग्रजी अनुवाद छापून घेतला. हा अनुवाद मायकेल मधुसूदन दत्त यांनी केला, असं मानलं जातं. बंगाल सरकारचे सचिव सीटन-कार यांनी पाचशे प्रती छापायला परवानगी दिली आणि सुमारे दोनशे प्रती चक्क सरकारी टपालाने रवाना झाल्या. मळेवाले खवळले. दोन वृत्तपत्रांनी हजार रुपयांसाठी मळेवाल्यांची बाजू घेतली, असा आरोप नाटकाच्या प्रस्तावनेत होता. तो कलकत्त्याच्या इंग्रजी संपादकांना झोंबला. मळेवाल्यांची संघटना आणि ‘इंग्लिशमन’चा संपादक यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला.

जुलै १८६१ मध्ये न्यायमूर्ती मॉर्डंट वेल्स यांच्यापुढे सुनावणी झाली. अनुवादकाचं नाव सांगितलं असतं तर लाँग यांचा भार हलका झाला असता. त्यांनी ते सांगितलं नाही. सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली. ज्यूरीने दोषी ठरवल्यावर त्यांनी न्यायालयाला सांगितलं की पैशासाठी किंवा द्वेषापोटी आपण हे केलं नाही. लोकांचं दुःख राज्यकर्त्यांच्या कानावर घालणं हे आपलं कर्तव्य होतं. शिक्षा झाली एक महिना कैद आणि हजार रुपये दंड. दंडाची रक्कम तिथल्या तिथे भरली ती कालीप्रसन्न सिंह या तरुण बंगाली साहित्यिकाने. महाभारताचा बंगाली अनुवाद करवून घेणारे ते हेच.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. वृत्तपत्रांवरचा तो आरोप पुराव्याशिवाय छापला गेला होता, आणि त्या बाबतीत लाँग यांची बाजू लंगडीच होती. पण शेतकऱ्यांवर जुलूम झाला की नाही, हा प्रश्न खटल्यात नव्हताच. त्याचं उत्तर आयोगाने आधीच दिलं होतं: निळीची शेती रयतेला तोट्याची होती आणि ती जबरदस्तीने चालत होती.

पाद्र्याने फक्त धर्माचं बोलावं, शेतसाऱ्याच्या आणि मजुरीच्या भानगडीत पडू नये, असं त्या वेळी पुष्कळ युरोपियनांना वाटत होतं. लाँग यांना तसं वाटलं नाही. ज्यांच्यात आपण उपदेश करतो त्यांच्या पाठीवरचे वळ न पाहता उपदेश करायचा तरी कसा, हा त्यांच्यापुढचा साधा प्रश्न होता.

सुटकेनंतरही त्यांनी शिक्षण आणि बंगाली भाषेचं काम सोडलं नाही. १८७२ मध्ये त्यांनी भारत सोडला. त्याच वर्षी डिसेंबरात कलकत्त्याच्या नॅशनल थिएटरचा पडदा उघडला तो ‘नीलदर्पण’नेच. १८८७ मध्ये लंडनला लाँग यांचं निधन झालं. कोलकात्यात आजही एक रस्ता त्यांच्या नावाने ओळखला जातो.