चिकाचे मोल सिद्ध करणारे थिओबाल्ड स्मिथ
शेंदूरजनाघाटच्या संत्रापट्ट्यात शेळी व्याली आणि जार पडेपर्यंत करडाला चीक पाजला नाही, तर ते त्याच्या जिवावर बेतू शकते. चिकाचे हे मोल प्रयोगाने दाखवले थिओबाल्ड स्मिथ यांनी. १८५९ मध्ये अमेरिकेतील ऑल्बनी येथे जर्मन स्थलांतरितांच्या घरी जन्मलेले स्मिथ वैद्यकाचे पदवीधर. आयुष्य मात्र जनावरांच्या रोगांत गेले. गुरांचा टेक्सास ताप गोचिडांमुळे पसरतो, हे त्यांनी १८९३ मध्ये सिद्ध केले. १९२२ मध्ये राल्फ लिटल यांच्यासह त्यांनी काही वासरांना चिकापासून वंचित ठेवले. त्यांतील बहुतेक जंतुसंसर्गाने दगावली. चीक प्यालेली जगली. शेळीतही गर्भावस्थेत प्रतिपिंडे पिल्लापर्यंत पोहोचत नाहीत. ती चिकातूनच मिळतात आणि ती शोषण्याची आतड्याची क्षमता दिवसभरात संपते. स्मिथ १९३४ मध्ये निवर्तले. नोबेल त्यांना लाभले नाही.