लीलावतीकार भास्कराचार्य आणि वर्तुळाचें गणित

केळापूर तालुक्यांतील काळ्या जमिनीच्या गांवांत बैलगाडी ज्यानें पाहिली नाहीं असा विद्यार्थी विरळा. आतां रबरी चाकें आलीं असलीं तरी लांकडी चाकावर तापवून चढविण्याची लोखंडी धांव वडीलधाऱ्यांस चांगली आठवते. चाकाचा व्यास साडेतीन फूट असेल तर धांवेला पट्टी किती लांब हवी? व्यासाची तिप्पट धरणाऱ्यास साडेदहा फूट पट्टी मिळेल व चाकावर अर्धा फूट जागा उघडी राहील. व्यासास २२ नें गुणून ७ नें भागणाऱ्यास ११ फूट मिळतील व त्याचें काम होईल. हा नियम आमच्या वर्गांत बहुतेकांस पाठ असतो. परंतु आठशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं सह्याद्रीच्या कुशींत बसून ज्यांनीं तो श्लोकबद्ध करून शिकविला, त्यांची ओळख फार थोड्यांस असते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्यें झाला. ही माहिती त्यांनीं स्वतःच आपल्या ग्रंथांत नमूद केली आहे. गांव विज्जलविड, गोत्र शांडिल्य, वडिलांचें नांव महेश्वर. गणित व ज्योतिष ते वडिलांपाशींच शिकले; घराणेंच पिढ्यान्‌पिढ्या विद्याव्यासंगी होतें. वयाच्या ३६ व्या वर्षीं, इ. स. ११५० मध्यें, त्यांनीं सिद्धान्तशिरोमणि हा ग्रंथ पुरा केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग. यांपैकीं लीलावती म्हणजे अंकगणित व क्षेत्रगणित यांचें पाठ्यपुस्तकच होय. अकबर बादशहाच्या आज्ञेनें फैजीनें इ. स. १५८७ मध्यें त्याचें फारसी भाषांतर केलें. लीलावती ही आचार्यांची कन्या, तिच्या विवाहाचा मुहूर्त घटिकापात्रांत मोतीं पडल्यामुळें टळला, ही सर्वांच्या तोंडची कथा त्या भाषांतराच्या प्रस्तावनेंत आढळते. कथा गोड आहे. परंतु आचार्यांनंतर चारशें वर्षांनीं सांगितलेल्या गोष्टीवर आम्ही फारसा भार देत नाहीं.

त्या पुस्तकांतील वर्तुळाचें प्रकरण मात्र प्रत्येक विद्यार्थ्यानें पाहावें असें आहे. आचार्यांनीं परिघाचे दोन नियम दिले. व्यासास ३९२७ नें गुणून १२५० नें भागावें, हा सूक्ष्म; २२ नें गुणून ७ नें भागावें, हा व्यवहारापुरता स्थूल. पहिल्याचा भागाकार ३.१४१६ येतो. आर्यभटांनीं पांचव्या शतकाच्या अखेरीस २०००० व्यासास ६२८३२ परिघ सांगितला होता. दोहोंस १६ नें भागलें कीं आचार्यांचेच आंकडे मिळतात.

दोन नियम कशासाठीं, असें विद्यार्थी विचारतात, आणि प्रश्न योग्य आहे. वरच्या चाकाचा परिघ सूक्ष्म रीतीनें काढला तर ११ फुटांस जेमतेम इंचाचा एकोणिसावा भाग कमी भरतो. लोहाराच्या घणाखालीं तेवढें कोठल्याकोठें जाईल. आतां गोलाध्यायांतील पृथ्वी घ्या. तिचा व्यास १५८१ योजनें व एका योजनाचा २४ वा भाग, आणि परिघ ४९६७ योजनें, असें तेथें दिलें आहे. हाच परिघ स्थूल रीतीनें काढला तर तो सुमारें ४९६९ येतो, म्हणजे दोन योजनांची चूक! कोणत्या कामास किती सूक्ष्मता लागते हें ओळखणें हाही गणिताचाच भाग, आणि परीक्षेंत तोच बहुधा राहून जातो.

क्षेत्रफळासाठीं त्यांचा नियम असा : परिघास व्यासानें गुणून ४ नें भागावें. व्यास ७ असतां परिघ २२, गुणाकार १५४, चतुर्थांश साडेअडतीस. त्रिज्येच्या वर्गाची आमची नेहमींची रीत वापरली तरी हेंच उत्तर येतें. ज्यास खात्री नसेल त्यानें पाटीवर करून पाहावें. याची उपपत्ति कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं इ. स. १५४५ मध्यें लीलावतीवरील आपल्या टीकेंत मोठी सुबोध दिली. वर्तुळाचे दोन अर्ध करावे, प्रत्येकाच्या मध्यापासून कडेपर्यंत पुष्कळ चिरा पाडून तो सरळ उलगडावा व दोहोंचे दांते एकमेकांत बसवावे. मग अर्ध्या परिघाएवढा लांब व त्रिज्येएवढा रुंद असा आयत होतो. कागद व कातर घेऊन घरीं हें करण्याजोगें आहे. चिरा जितक्या अधिक, तितका आयत नीट.

गोलाच्या पृष्ठफळाविषयीं मात्र आचार्यांस एका पूर्वसूरीशीं वाद करावा लागला. लल्ल हे थोर ज्योतिषी. त्यांच्या शिष्यधीवृद्धिद या ग्रंथावर आचार्यांनीं स्वतः टीका लिहिली आहे. परंतु वर्तुळाच्या क्षेत्रफळास परिघानें गुणलें कीं गोलाचें पृष्ठफळ येतें, हा लल्लांचा नियम त्यांस चुकीचा दिसला. व्यास ७ असलेल्या चेंडूस या नियमानें साडेअडतीस गुणिले २२, म्हणजे ८४७ एवढें पृष्ठ येईल. खरें पृष्ठ १५४. एवढ्या कातड्यांत असे पांच चेंडू मढवून कातडें उरेल!

आचार्य नुसतें चूक म्हणून थांबले नाहींत. आंवळ्यावर जशा देठापासून तळापर्यंत रेषा असतात तशा गोलावर कल्पाव्या, म्हणजे पृष्ठाच्या फांकी पडतात. परिघाचे जितके एकांक, तितक्या फांकी घ्याव्या. अशा एका फांकीचें क्षेत्रफळ त्यांनीं ज्यांच्या कोष्टकावरून बेरीज करून काढलें, तें गोलाच्या व्यासाएवढें भरलें. म्हणून सर्व पृष्ठ म्हणजे परिघ गुणिले व्यास, अर्थात् मधल्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट. ज्या ग्रंथकाराचा आपण आदर करतों त्याचीही चूक सांगावयाची, पण ती उपपत्तीसह सांगावयाची, ही त्यांची रीत आम्हांस त्यांच्या सूत्रांहूनही मोलाची वाटते.

ग्रहांचीं स्थानें सोप्या रीतीनें काढण्यासाठीं त्यांनीं करणकुतूहल लिहिलें तें इ. स. ११८३ मध्यें, म्हणजे सत्तरीच्या उंबरठ्यावर. पुत्र लक्ष्मीधर यास यादव राजा जैत्रपाल यानें आपल्या दरबारांत नेलें, आणि नातू चांगदेव हा सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. जळगांव जिल्ह्यांतील चाळीसगांवजवळ पाटण येथें देवीच्या देवळांत एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी यांनीं एकोणिसाव्या शतकांत तो विद्वानांच्या नजरेस आणला. आचार्यांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून चांगदेवानें तेथें मठ काढला व इ. स. १२०७ मध्यें त्यास निकुंभ वंशांतील सोइदेवाचें दान मिळालें, हें त्यावरून कळतें. लेखाचा बराच भाग संस्कृत, परंतु दानाचा तपशील जुन्या मराठींत आहे. पाटणच्या बाजारांत विकल्या जाणाऱ्या मालावर राजाला मिळणारें उत्पन्न मठाकडे वळविलें होतें, आणि चालू असलेल्या प्रत्येक घाण्यामागें एक पळी तेल द्यावयाचें होतें. लीलावतीचा पाठ तेथें ज्या दिव्यांच्या उजेडांत होत असेल, त्यांत हेंच तेल जळत असावें असें आम्हांस वाटतें.