पंडिता रमाबाई

अमडापूरच्या नवरात्रात अन्नपूर्णेचे आख्यान लावताना मला पंडिता रमाबाई आठवतात. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या १८५८ साली जन्मली. बालपण तीर्थाटनात, पुराण सांगून मिळणाऱ्या शिध्यावर गेले. दुष्काळात मातापिता निवर्तले. बहीणभाऊ उपाशीपोटी वणवण फिरले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली. १८८२ साली वैधव्य आले. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आम्हां पुराणिकांना हे रुचणे कठीण. तरी पुढचे ऐकावे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली त्यांनी आणल्या व केडगावी सांभाळल्या. भूक या शब्दाचा अर्थ त्यांना कोशात पाहावा लागला नव्हता. एवढ्या संस्कृतज्ञ, पण बायबल मराठीत आणले ते अल्पशिक्षित बायांना कळेल अशा साध्या भाषेत. ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला, तोवर हेच काम चालू होते.