विश्लेषण : जिथे वाट चुकल्या, तिथेच मोहीम फत्ते! ६७व्या वर्षी ३,३०० किमी एकटीने चालणाऱ्या ‘ग्रँडमा’ गेटवूड कोण होत्या?

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. तिथल्या माउंट कटाडिनच्या शिखरावर २५ सप्टेंबर १९५५ रोजी ६७ वर्षांच्या एक आजी पोहोचल्या. पायात कॅनव्हासचे साधे बूट आणि खांद्यावर घरी शिवलेली पिशवी. जॉर्जिया राज्यातून निघून १४६ दिवसांत सुमारे ३,३०० किलोमीटर चालत त्या इथवर आल्या होत्या. संपूर्ण ॲपलाचियन ट्रेल एकटीने, एकाच हंगामात पार करणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. मात्र याच शिखराच्या पायथ्याच्या जंगलाने वर्षभरापूर्वी त्यांना हरवले होते. ११ मुलांची ही आई घरात कोणालाही न सांगता या वाटेवर का गेली आणि हरल्यावर पुन्हा का गेली, याविषयी...

ॲपलाचियन ट्रेल म्हणजे काय?

अमेरिकेच्या पूर्व भागातील ॲपलाचियन पर्वतरांगांमधून जाणारी ही पायवाट आहे. बेंटन मकाय यांनी १९२१मध्ये तिची कल्पना मांडली आणि १९३७मध्ये ती सलग पूर्ण झाली. आज ती १४ राज्यांतून जाते आणि तिची लांबी सुमारे ३,५०० किमी आहे. संपूर्ण वाट एका दमात चालण्याला ‘थ्रू-हायकिंग’ म्हणतात. असे चालल्याची पहिली नोंद अर्ल शॅफर यांच्या नावावर १९४८मध्ये झाली. म्हणजे एमा गेटवूड निघाल्या तेव्हा संपूर्ण वाट चाललेली माणसे बोटांवर मोजण्याइतकीच होती.

कोण होत्या एमा गेटवूड?

एमा यांचा जन्म २५ ऑक्टोबर १८८७ रोजी ओहायो राज्यातील गॅलिया काउंटीत झाला. शेतकरी कुटुंबातील १५ भावंडांपैकी त्या एक. वयाच्या १९व्या वर्षी, १९०७मध्ये पेरी गेटवूड यांच्याशी त्यांचे लग्न झाले. शेतातील राबणे, घरकाम आणि ११ मुलांचे संगोपन यात पुढची तीन दशके गेली. या काळात पतीकडून त्यांना सतत मारहाण होत होती. मार असह्य झाला की त्या घराजवळच्या रानात जाऊन बसत. तिथे त्यांना शांतता मिळे. रानातील खाण्याजोग्या आणि औषधी वनस्पतींची ओळखही त्यांना इथेच झाली.

१९३९च्या सुमारास एका मारहाणीत त्यांचे दात तुटले आणि बरगडीला इजा झाली. त्या वेळी पोलिसांनी मारणाऱ्याला सोडून एमा यांनाच अटक केली. त्यांचा सुजलेला चेहरा पाहून गावच्या महापौरांनी त्यांची सुटका केली आणि त्यांना आपल्या घरी आसरा दिला. १९४१मध्ये त्यांना घटस्फोट मिळाला. त्या काळात ग्रामीण भागातील स्त्रीने असा निर्णय घेणे आणि तो तडीस नेणे सोपे नव्हते. धाकट्या मुलांना त्यांनी एकटीने वाढवले.

मुले मोठी होऊन आपापल्या संसाराला लागल्यावर ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या १९४९मधील एका अंकातील लेख त्यांच्या वाचनात आला. ॲपलाचियन ट्रेलवरच्या त्या लेखातील वर्णनावरून ही वाट चांगली राखलेली आणि कोणालाही जमेल अशी वाटत होती. एकाही महिलेने ती एकटीने सलग पार केलेली नाही, हेही त्यांच्या लक्षात आले.

पहिला प्रयत्न का फसला?

जुलै १९५४मध्ये ६६व्या वर्षी एमा मेनमध्ये पोहोचल्या. कटाडिनपासून सुरुवात करून दक्षिणेकडे चालत जायचे, असा त्यांचा बेत होता. शिखर त्यांनी सर केले. पण खाली उतरून जंगलात शिरल्यावर त्या वाट चुकल्या. चष्मा फुटला, जवळचे अन्न संपले. रेनबो लेक परिसरात वन कर्मचाऱ्यांची गाठ पडली तेव्हा त्यांचा शोध सुरू झालेला होता. कर्मचाऱ्यांनी त्यांना घरी परत जाण्याचा सल्ला दिला आणि त्या परतल्या. झाला प्रकार त्यांनी मुलांनाही सांगितला नाही.

शेवटचा टप्पा इतका अवघड का?

एमा यांनी जिथून सुरुवात केली होती, तो उत्तरेकडे चालणाऱ्यांसाठी शेवटचा टप्पा असतो. मेनमधील मॉन्सन गावापासून एबॉल ब्रिजपर्यंतच्या या सुमारे १६० किमीच्या भागाला आज ‘हंड्रेड-माइल वाइल्डरनेस’ म्हणतात. या पट्ट्यात वाटेवर एकही गाव लागत नाही. त्यामुळे दहा दिवसांचे अन्न सोबत ठेवा, असे सांगणारा फलक सुरुवातीलाच लावलेला आहे.

चढ-उतारांपेक्षा इथे दलदल, ओल्या मुळ्या आणि पूल नसलेले ओढे जास्त दमवतात. पाऊस झाला की ओढे फुगतात आणि वाटसरूला थांबावे लागते. थांबले की अन्न संपत जाते, आणि अन्न जास्त घ्यावे तर पाठीवरचे ओझे वाढते. त्यातून बाहेर पडल्यावर कटाडिनची १,६०५ मीटर उंची गाठायची असते. शेवटच्या आठ-साडेआठ किमीत १,२०० मीटरहून अधिक चढ आहे आणि काही ठिकाणी हातांचा आधार घेत खडकांवर चढावे लागते. थंडी आणि बर्फामुळे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हे सारे उरकणे भाग असते.

दुसऱ्या प्रयत्नात काय बदलले?

३ मे १९५५ रोजी एमा यांनी वाटेच्या दुसऱ्या टोकापासून, जॉर्जियातील माउंट ओगलथॉर्पपासून चालायला सुरुवात केली. मुलांना त्यांनी जरा चालून येते, एवढेच सांगितले होते. दिशा उलटी केल्याने मेनचे जंगल शेवटी आले. तिथे पोहोचेपर्यंत चार महिन्यांची चाल पायात मुरणार होती आणि खुणा ओळखण्याचा सरावही होणार होता.

त्यांच्याकडे तंबू नव्हता, स्लीपिंग बॅग नव्हती आणि नकाशाही नव्हता. पिशवीत एक ब्लँकेट, रेनकोट आणि पावसापासून बचावासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा होता. सगळे मिळून ओझे आठ-नऊ किलोंच्या आसपास. मनुका, शेंगदाणे, डबाबंद सॉसेज आणि वाटेत मिळणारा रानमेवा हे त्यांचे जेवण. थंडीच्या रात्री त्या दगड तापवून त्यावर झोपत. कुणी घरात जागा दिली तर तिथे, नाही तर पालापाचोळ्यावर मुक्काम. काही घरांनी त्यांना दारातूनच परत पाठवले.

ऑगस्टमध्ये ‘कॉनी’ आणि ‘डायन’ या चक्रीवादळांनी ईशान्येकडील राज्यांत महापूर आणला. व्हरमाँटमधील एक फुगलेला प्रवाह ओलांडताना दोन तरुणांनी त्यांना दोरीने स्वतःशी बांधून पलीकडे नेले. तोवर वर्तमानपत्रांना त्यांची खबर लागली होती आणि मुलांनाही आई कुठे आहे हे कळले होते. पत्रकारांना त्या आपण विधवा असल्याचे सांगत. प्रत्यक्षात पेरी हयात होते. संसारात काय सोसले, याची चर्चा त्यांनी होऊ दिली नाही.

सप्टेंबरमध्ये त्या पुन्हा मेनच्या त्याच जंगलात शिरल्या. दिवसाला सरासरी २२ किमी या वेगाने चाललेले पाय आता थकले होते, बुटांचे अनेक जोड झिजले होते आणि वजन बरेच घटले होते. पण या वेळी वाट चुकली नाही. कटाडिनवर त्यांनी नोंदवहीत नाव लिहिले आणि ‘अमेरिका द ब्यूटिफुल’ हे गीत गायले.

त्यांच्या चालण्याने काय साधले?

प्रसिद्धी मिळाल्यावर एमा यांनी वाटेची स्थिती उघडपणे सांगितली. पडलेली झाडे, पुसलेल्या खुणा, मोडकळीला आलेले निवारे यांबद्दल त्यांनी स्पष्ट तक्रार केली. त्यामुळे वाटेच्या देखभालीकडे लोकांचे लक्ष गेले. १९५७मध्ये त्यांनी ही वाट पुन्हा पूर्ण केली. ती दोनदा सलग चालणाऱ्या, स्त्री-पुरुषांत मिळून, त्या पहिल्याच. १९६४मध्ये टप्प्याटप्प्याने तिसऱ्यांदाही त्यांनी ती संपवली. मधल्या काळात, १९५९मध्ये, मिसुरीतील इंडिपेंडन्स ते ओरेगनमधील पोर्टलंड हे सुमारे ३,२०० किमीचे अंतरही त्या पायी चालल्या. ओहायोतील बकाय ट्रेलच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता.

४ जून १९७३ रोजी वयाच्या ८५व्या वर्षी त्यांचे निधन झाले. २०१२मध्ये ॲपलाचियन ट्रेलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला. कमीत कमी ओझे घेऊन चालणारे आजचे ट्रेकर त्यांना आपल्या पद्धतीच्या आद्य प्रवर्तकांमध्ये गणतात. एमा यांच्यासाठी मात्र ते तंत्र नव्हते. घरात जे होते, ते त्यांनी पिशवीत भरले होते. वर्षभरापूर्वीच्या अपयशातून त्यांनी मोहीम सोडून देण्याचा अर्थ काढला नाही, फक्त सुरुवातीचे टोक बदलले.